शेवटची लोकल आणि राहून गेलेल्या भैरव्या

मी डोंबिवलीत राहते. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं रामायण त्यामुळेच आहे. डोंबिवलीकराला मुंबईतल्या गाण्याच्या कार्यक्रमाचा शेवट माहीतच नसतो. नाटकाचा असतो, कारण नाटक किती वाजता संपणार ते ठरलेलं असतं, गाण्याचं तसं नाही, गाणं रंगलं की लांबतं आणि नेमकं रंगायला लागलं की आम्ही पर्समध्ये हात घालून मोबाईलवर किती वाजले ते बघायला लागतो. दादरला कार्यक्रम असेल तर दहाला चुळबूळ सुरू, सव्वादहाला शेजारच्यांचे गुडघे ओलांडत, सॉरी सॉरी म्हणत, कमरेत वाकून (जसं काही वाकलं की आपण कोणाला दिसतच नाही) बाहेर. दार मागे बंद होताना तबल्याचा एखादा तुकडा कानावर पडतो आणि मग एकदम रस्ता, टॅक्सीचा हॉर्न, भेळवाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मैफल संपवताना भैरवी म्हणतात. राग खरा सकाळचा, पण मैफल कुठल्याही वेळेची असली तरी शेवट भैरवीने, आणि भैरवी झाली की त्यावर कोणी काही गात नाही, पडदा. वीस-एकवीस वर्षं गाणं ऐकतेय मी, प्रत्यक्ष समोर बसून ऐकलेल्या भैरव्या एकदा लोकलमध्ये बसून मोजल्या तर पाच भरल्या. त्यातल्या दोन डोंबिवलीतच सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात, एक कल्याणला गायन समाजाच्या देवगंधर्व महोत्सवात, म्हणजे जिथून रिक्षाने घरी येता येतं तिथल्याच. बाकीच्या सगळ्या मध्य रेल्वेने खाल्ल्या.

हा नाद लागला तो ऑफिसमुळे. घरात लहानपणी भीमसेनजींच्या अभंगांची कॅसेट होती एवढंच आमचं शास्त्रीय. ऑफिसमध्ये एक सीनियर मॅडम होत्या, त्यांच्याकडे एक पास जास्तीचा होता, म्हणाल्या चल, मी गेले. काय चाललंय ते काहीही कळलं नाही. एक बाई अर्धा तास एकच ओळ म्हणत होत्या, मला वाटलं पुढची ओळ विसरल्यात की काय. मध्येच त्यांनी एक जोरदार तान घेतली, थांबल्या, मला वाटलं संपलं, मी टाळी वाजवली. एकटीने. पूर्ण हॉलमध्ये एकच टाळी. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही हा त्यांचा मोठेपणा.

इंटरव्हलला चहा पिताना त्यांनी मला फक्त एक गोष्ट सांगितली, की शब्दांकडे आणि रागाकडे लक्ष देऊ नकोस, तबल्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते तेवढं धर. विलंबित एकताल, बारा मात्रा, पण इतक्या संथ की एक आवर्तन संपायला मिनिटभर लागू शकतं. मी बोटावर मोजायला लागले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा गायिका कुठेतरी लांब फिरून आल्या आणि मुखडा घेऊन बरोब्बर त्या समेवर उतरल्या आणि त्याच क्षणी माझ्यासकट पुढच्या पाच-सहा रांगांतली सगळी डोकी एकदम हलली. कोणी ठरवलेलं नाही, कोणी कोणाला ओळखत नाही, आणि एवढ्या माना एकाच वेळी. अंगावर काटा आला. तो अजूनही येतो. हे यूट्यूबवर होत नाही हो, तिथे आपलीच एक मान असते, ती पण भाजी निवडताना.

प्रत्यक्ष ऐकण्यातल्या गमती खरं तर गाणं सुरू व्हायच्या आधीच सुरू होतात. तानपुरे लावणं मला फार आवडतं. बरेच लोक तेव्हा वेफर्सची पाकिटं संपवत असतात पण मी टक लावून बघते. आपल्याकडचे बहुतेक चांगले तानपुरे मिरजेचे, पंढरपूरकडच्या भोपळ्यांचे, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय टॅग पण मिळाला, आणि इतकी देखणी वस्तू पण हवेला इतकी हळवी, की ग्रीनरूममध्ये लावून आणलेला तानपुरा स्टेजवरच्या लाइटच्या उष्णतेत नाहीतर एसीच्या झोतात दहा मिनिटांत उतरतो. मग पुन्हा खुंट्या, मणी, ती जवारीची दोऱ्याची सेटिंग. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत असतो. आणि मग एक क्षण असा येतो की दोन तानपुरे जुळतात आणि हॉलच्या हवेला एक रंग चढतो, गायकाने अजून तोंड उघडलेलं नसतं. तिथेच माझे निम्मे पैसे वसूल होतात.

आता वसूल न झालेले पैसे.

निवेदक. ह्या विषयावर मी वेगळं पुस्तक लिहू शकते. एका दिवाळी पहाटेला (कुठली ते जाऊ दे, आयोजक आमच्याच भागातले आहेत, भाजीवाल्याकडे भेटतात) पहाटे साडेपाचला थंडीत, उटणं लावून अंघोळ करून, साडी नेसून जाऊन बसलो. वर्षातली हीच तर एक संधी असते सकाळचे राग त्यांच्या वेळेला ऐकायची. निवेदकाने सुरुवात प्रकाश आणि अंधारापासून केली. मग दीपप्रज्वलन, मग स्पॉन्सर बिल्डर, त्यांची शाल, श्रीफळ, त्यांच्या सौंचा गुच्छ, मग नगरसेवक आले ते उशिरा आले म्हणून त्यांचं परत पहिल्यापासून, मग साहेबांचे दोन शब्द जे दोन कधीच नसतात. गायक बिचारा मांडी घालून तानपुऱ्याच्या मध्ये बसून हसरा चेहरा ठेवून. ललत गाणार होता म्हणे, म्हणजे पहाटेचा राग. गायला लागला तेव्हा ऊन आलं होतं, त्याने शहाणपणाने थेट अभंगच घेतले. मी घरी येऊन चकलीवर राग काढला. पण फडके रोडवर मात्र मजा होती, दिवाळीच्या सकाळी गणपती मंदिराकडे सगळी तरुण डोंबिवली नटून लोटते, तिथे कोणालाच कुठलाच राग ऐकायचा नसतो त्यामुळे कोणाची निराशाही होत नाही.

दुसरं म्हणजे आवाज. साउंडवाल्याचं आणि माझं काय वैर आहे माहीत नाही. एका हॉलमध्ये तबला इतका चढवून ठेवला होता की गायिका नुसत्या ओठ हलवताना दिसत होत्या, त्या हाताने खाली करा खाली करा खुणावत होत्या आणि साउंडवाल्याला वाटलं त्या ताना घेतायत. लोक पण कमी नाहीत. फोन वाजतो ते ठीक, चुकून राहतो, पण तो उचलून "गाण्याच्या कार्यक्रमात आहे, बोल" म्हणणारा माणूस कुठल्या मातीचा असतो? आणि हल्ली तो मोबाईल वर धरून शूटिंग. समोरच्या माणसाच्या स्क्रीनमध्ये मी गाणं बघितलंय, छोट्या चौकोनात, आणि मध्येच त्याला गुड नाइटचा मेसेज येतो तो पण वाचलाय.

सगळ्यात मोठा बार फुसका गेला तो मात्र शास्त्रीयचा नव्हता. मुलीच्या हट्टाखातर नवी मुंबईत एका मैदानावर एका फिल्मी गायकाचा शो. नाव लिहीत नाही. तिकीट जे होतं त्यात आमचं महिन्याचं वाणसामान येतं. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, आत पाणी विकत आणि त्यासाठी आधी कार्डात पैसे भरायचे, त्या कार्डाची वेगळी लाइन. सातचा शो नऊला. तोपर्यंत उभं. उभं म्हणजे उभं, अडीच-तीन तास, माझ्या वयाला. स्टेज कुठेतरी क्षितिजावर, गायक म्हणजे करंगळीएवढा, बघायचं ते स्क्रीनवरच, आणि स्क्रीनवरचे ओठ आणि कानावर येणारा आवाज यात थोडंसं अंतर, कारण आवाज बिचारा हवेतून चालत यायचा. आणि गाणं कोण म्हणत होतं? आम्हीच. तो ध्रुवपद सुरू करून माइक आमच्याकडे करायचा. मी मुलीला म्हटलं अगं पैसे आपण दिले आणि गातोय पण आपणच. ती म्हणाली "आई, तू प्लीज गप्प बस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंखुरं. आजूबाजूच्या हजारो पोरापोरींना प्रत्येक शब्द पाठ आणि सगळे एका सुरात नाही पण एका दमात गात होते, आणि मला तेव्हा थोडं लाजल्यासारखं झालं, की माझ्या त्या समेवर हलणाऱ्या माना आणि हे, फार काही वेगळं नसावं. पण ते क्षणभर. नंतर नेटवर्क गेलं, कॅब मिळेना, रिक्षावाले मीटरचं नाव काढेनात, स्टेशनपर्यंत चालत, तेव्हा परत पहिल्यासारखी चिडले.

मग २०२४ च्या सप्टेंबरात कोल्डप्लेची तिकिटं निघाली, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला जानेवारीत शो. रविवारी दुपारी आमच्या घरात चार मोबाईल आणि एक लॅपटॉप मांडून मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी आणि नवरा पण बसलेला, ज्याला कोल्डप्ले हे क्रिकेटचं काहीतरी वाटत होतं. रांगेतला नंबर चार लाखांच्या पुढे. मोबाईलवरच्या रांगेत चार लाखावं असणं म्हणजे काय हे मला अजून नीट समजलेलं नाही पण कोणाला उठून बाथरूमला जायची परवानगी नव्हती. तिकिटं संपली. पोरगी दोन दिवस जेवली नाही नीट. पुढे २६ जानेवारीला अहमदाबादचा शो हॉटस्टारवर लाइव्ह दाखवला, आम्ही हॉलमध्ये बसून बघितला, फुकट, सोफ्यावर, कांदाभजी खात. सगळं दिसलं, गायकाच्या कपाळावरचा घाम सुद्धा, लोकांच्या मनगटावरचे ते पट्टे एकदम लाल, एकदम पिवळे होत होते ते पण. अर्ध्यात मुलगी उठून आत गेली. "बघ ना, एवढं छान दिसतंय," मी म्हटलं. "दिसतंयच नुसतं," ती म्हणाली. मला तेव्हा पहिल्यांदा तिचं पूर्ण पटलं.

पण हे जानेवारीचं झालं, मी पुढे गेले. मला सांगायचं आहे ते डिसेंबरचं.

त्याच्याआधी एक कबुली. माझी सगळ्यात चांगली मैफल कुठली म्हणाल तर डोंबिवलीतच एका काकांच्या घरची बैठक. तीसेक माणसं, सतरंजी, सोफा बेडरूममध्ये हलवलेला, माइक नाही. माइक नसलेला गळा ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी आयुष्यात एकदा ऐकाच. गायक माझ्यापासून सात-आठ फुटांवर, श्वास घेतलेला ऐकू येत होता, तानपुऱ्याचं कंपन जमिनीतून मांडीला लागत होतं, खर्जातला सूर नुसता ऐकू नाही आला, जाणवला. बागेश्री. तिथे लोकल नव्हती, दहा मिनिटांवर घर, आज भैरवी ऐकून जाणारच. आणि पावणेअकराला सासूबाईंचा फोन, त्या लग्नाहून लवकर परत आल्या होत्या आणि फ्लॅटची किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या जिन्यात बसलेल्या. चिडल्या वगैरे नव्हत्या, "ये सावकाश" म्हणाल्या, पण सावकाश कसं जाणार, सत्तरीची बाई जिन्यात बसलीये. उठले. त्या दिवशी गुडघे ओलांडताना सॉरी म्हणताना मला रडू येत होतं हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

आणि झाकीरभाई, तबल्याचे झाकीर हुसेन. दरवर्षी ३ फेब्रुवारीला षण्मुखानंदला त्यांच्या अब्बाजींची, म्हणजे वडिलांची, बरसी व्हायची, उस्ताद अल्लारखाँ गेले तो दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत कार्यक्रम. मुलगी दुसरीत असताना मी एकदा ऑफिसमधून हाफ डे घेऊन गेले, वर बाल्कनीत जागा मिळाली. रात्री ते वाजवायला बसले. काय सांगू, लेहऱ्यावर वाजवत होते, कायदा (तबल्याच्या बोलांची रचना) उलगडत होते, मध्येच एखादी गंमत करून लोकांना हसवत होते आणि पुढच्या क्षणी हसू विसरायला लावत होते. पण सायनला फास्ट थांबत नाही, स्लो पकडून कुर्ल्याला बदलायची, दुसऱ्या दिवशी शाळेचा डबा. मी उठले. जिन्यावरून उतरताना टाळ्यांचा आवाज आला आणि मी मनात म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षी, दरवर्षीच असतं की. पुढच्या वर्षी मुलीला गोवर. त्याच्या पुढच्या वर्षी मार्चचं क्लोजिंग लवकर. असंच.

१६ डिसेंबर २०२४, सोमवारी सकाळी, बातमी आली, आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोला गेले. मी तेव्हा ठाण्याला, लोकलमध्ये उभी. विरुद्ध बाजूची गाडी धडधडत गेली आणि बाजूच्या मुलीच्या मोबाईलवर त्यांचा तो केस उडवतानाचा व्हिडिओ.

पुण्याच्या मावशीला फोन केला. ती सहकारनगरला राहते, सवाई गंधर्व महोत्सवाला कधीपासून जाते ते तिलाही आठवत नाही. दरवर्षी दोन सीझन तिकिटं काढते, एक तिचं, एक मैत्रिणीचं, भारतीय बैठकीचं. मैत्रिणीला आता खाली बसवत नाही. मी फक्त शनिवार-रविवार येणार असं ठरलं होतं. म्हटलं, मावशी, मी पाचही दिवस येतेय, बुधवारपासून. "रजा?" "टाकते." "आणि घरी?" "शेवटपर्यंत थांबायचंय गं मला एकदा." मावशी दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "बरं, येताना तुझी चटई आण, माझी एकाचीच आहे."

कल्याणहून इंद्रायणी, पहाटेची. १८ ते २२ डिसेंबर, मुकुंदनगरच्या मैदानावर, सत्तरावा महोत्सव. भीमसेनजींनी गुरूंच्या आठवणीसाठी १९५३ मध्ये सुरू केलेला, गुरू म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर उर्फ सवाई गंधर्व, ते १९५२ मध्ये गेले. आधी बरीच वर्षं हे शनिवार पेठेत रमणबाग शाळेत व्हायचं, २०१८ पासून इकडे मुकुंदनगरला. मावशी अजून "आपल्या रमणबागेत" म्हणते आणि मग "ते जाऊ दे" म्हणते.

सवाईला जायची एक पद्धत आहे ती मला मावशीने बुधवारी दुपारी शिकवली. गाणं तिसऱ्या प्रहरी सुरू होतं पण चटई त्याच्या आधी पडली पाहिजे. फार पुढे बसायचं नाही, मान दुखते, फार मागे नाही, तिथे फक्त गप्पा मारणारे असतात, खांबाजवळ मिळाली तर सोनं, पाठ टेकता येते. चटईवर गोधडी. हवेची उशी. दुपारी मांडवात उकडतं म्हणून सुती, सूर्य गेला की पुण्याची थंडी म्हणून शाल, मग कानटोपी. खिशात खडीसाखर कारण खोकला नेमका विलंबितमध्येच येतो. आणि महत्त्वाचं म्हणजे बटाटेवडा खायला मध्यंतरात जायचं नाही, तेव्हा सगळं पुणं वड्याच्या लाइनमध्ये असतं, जो कलाकार आपल्याला कमी झेपतो त्याच्या वेळेला जायचं. कोणाच्या वेळेला जायचं हे तिने ठरवून ठेवलेलं असतं, कागदावर खूण करून. एका बऱ्याच मोठ्या नावापुढे फुली होती. नाव लिहीत नाही, घराण्यावरून मारामाऱ्या होतात.

पहिल्या दिवशी सगळीकडे झाकीरभाईच. चहाच्या स्टॉलवर, चपला काढताना, रांगेत, प्रत्येकाकडे त्यांची एक आठवण, प्रत्येकाने कुठेतरी ऐकलेलं. मी माझी सांगितली नाही.

पहिल्याच दुपारी मुलतानी ऐकायला मिळाला. मुलतानी दुपार कलतानाचा राग, मांडवाच्या कापडातून पिवळं ऊन येत होतं आणि तो कोमल गंधार, काय बोलायचं. मी मावशीला म्हटलं, मी मुलतानी प्रत्यक्ष पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, "आम्हाला पूर्वी मुलतानी मिळायचा नाही, आता ललत मिळत नाही." म्हणजे असं, की पूर्वी गाणं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं, लोक गोधड्या घेऊन यायचे, अर्धे झोपायचे, पहाटे उठून ललत, तोडी, आणि शेवटी उजाडताना भीमसेनजी. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं तेवढीच. त्यामुळे महोत्सव दुपारी सरकला. रात्रीचे दरबारी, अडाणा घाईत उरकायचे आणि पहाटेचे राग तर गेलेच. शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजारी माणसाला झोप मिळाली पाहिजे हे मलाही पटतं, आमच्या खिडकीखाली गणपतीत काय चालतं ते मी भोगतेय, पण ललत दुपारी चारला कोण गाणार?

गुरुवारी संध्याकाळी आमच्या मागे दोन काका होते. एक म्हणे मारवा, दुसरे म्हणे पुरिया. दबक्या आवाजात पण अखंड. मी दोनदा वळून बघितलं, त्यांना वाटलं मी जाणकार आहे, मलाच विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?" मला काय वाटणार. मग एकाने समजावलं, की दोन्हीत सूर तेच, पंचम दोघांत नाही, फरक फक्त ठिय्या कुठे द्यायचा, मारव्यात रिषभ-धैवतावर, पुरियात गंधार-निषादावर. त्यानंतर मी नुसतं तेवढंच ऐकत बसले, गायक कुठे थांबतोय, कुठे घर करतोय, आणि एकदम ते दोन वेगळे चेहरे दिसायला लागले. मारवाच होता. हरलेल्या काकांनी जिंकलेल्यांना वडा खाऊ घातला, मला पण एक. गाण्यात बोलणाऱ्या लोकांबद्दल मी वर जे काय लिहिलंय ते तसंच ठेवते, पण ह्या दोघांना वगळून.

शुक्रवारी पाठीने संप केला. हे कोणी सांगत नाही, की पाच दिवस मांडी घालून बसणं हा व्यायाम आहे. त्या दिवशीचं गाणं पण लागेना. गायक चांगला होता, तयारी भरपूर, ताना अशा की मोजता येऊ नयेत, पण प्रत्येक तानेनंतर तो लोकांकडे बघायचा, टाळी आली की नाही. टाळी येत होती. मला वाटलं दोष माझ्या पाठीचाच असेल. मावशी हळूच म्हणाली, "पाठीचा नाही," आणि खडीसाखर दिली.

शनिवारी एका तरुण मुलीने, माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल, यमन गायला. यमन म्हणजे ज्याच्यापासून सगळे शिकायला सुरुवात करतात तो, आमच्या सोसायटीतली पोरं पण पेटीवर वाजवतात. तिने नुसता तीव्र मध्यम लावला आणि त्यावर थांबली. थांबली म्हणजे लांबवला नाही, दाखवला नाही, नुसती तिथे होती. हजारो माणसं बसलेल्या त्या मांडवात मागची कुजबुज पण बंद झाली. कोणी वाहवा सुद्धा म्हटलं नाही. मी हे कुठे रेकॉर्डिंगमध्ये मिळेल का शोधलं नाही आणि शोधणार पण नाही.

रविवार. सकाळी नवऱ्याचा फोन, इंद्रायणीचं संध्याकाळचं बघू का, सोमवारी ऑफिस आहे ना तुला. म्हटलं नको, सोमवारी सकाळी येते, लेट मार्क लागू दे. मावशी दुपारपासून गप्प गप्प होती. शेवटचा दिवस तिला तसा जातो. बरीच वर्षं समारोप प्रभाताई अत्रेंच्या गाण्याने व्हायचा, त्या २०२४ च्या जानेवारीतच गेल्या होत्या, आणि मावशीचं आपलं चाललं होतं, ह्या जागी भीमसेनजी, मग ह्या जागी प्रभाताई, आता बघू. संध्याकाळ गेली, थंडी चढली, आम्ही दोघी एका शालीत. दहाच्या आत संपवायचं म्हणून शेवट शेवट घड्याळ सगळ्यांच्याच डोक्यावर, म्हणजे ज्या गोष्टीपासून मी पळून आले होते ती स्टेजवर पण पोचलेली. सवयीने मी दोनदा पर्समध्ये हात घातला. मावशीने दुसऱ्यांदा हातावर चापट मारली.

शेवटचं गाणं झालं, टाळ्या झाल्या, मला वाटलं आता उठायचं. कोणी उठेना, म्हणजे काही जण उठले पण उभेच राहिले. मला माहीतच नव्हतं, कारण मी कधी थांबलेच नव्हते. प्रथा अशी, की सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, भैरवी ठुमरी. अठ्ठ्याहत्तर आरपीएमची, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांत सगळं आलं पाहिजे अशी. पाच दिवस एवढे मोठमोठे स्पीकर, आणि त्यातून आता तो लांबून आल्यासारखा, खरखर असलेला, बारीक आवाज. ज्या माणसाला ह्या मांडवातल्या जवळजवळ कोणीच कधी समोर बसून ऐकलेलं नाही त्याचा. मी पाच दिवस सगळ्यांना सांगत फिरत होते की रेकॉर्डिंगमध्ये काही नसतं, प्रत्यक्ष ते प्रत्यक्ष. आणि माझी सहावी भैरवी ही. मला हसू पण आलं आणि दुसरं पण काहीतरी आलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा हात जोडून उभे, त्यांची कानटोपी हातात. स्टेजवर कोणी गात नव्हतं आणि सगळे स्टेजकडेच बघत होते.

संपलं. मग एकदम खुर्च्यांचे आवाज, चपला, नावं घेऊन हाका.

मावशीचे गुडघे धरले होते, उठवेना. मी एका बाजूने आणि मागचे मारवावाले काका दुसऱ्या बाजूने, तिला उभं केलं. चटई झटकली तर गुरुवारच्या वड्याचा एक तुकडा पडला. "पुढच्या वर्षी खुर्चीचं काढूया गं," मावशी म्हणाली, "खाली बसवत नाही आता." मग चालताना जरा वेळाने म्हणाली, "पण खुर्चीवरून तेवढं लागत नाही गाणं." मी म्हटलं, बघू, अजून वर्ष आहे. बाहेर रिक्षावाला सहकारनगरला दीडशे म्हणत होता. दिले.